आत्याला चालेल का? गोव्यातल्या रिसॉर्टचा आणि टूरचा रिव्ह्यू लिहिताना

माझं माहेर कोल्हापूरचं, घर गोव्यात, पर्वरीला. दिवाळी नाहीतर मे महिना जवळ आला की भावाचा, मावसबहिणींचा फोन येतोच: "ताई, रिसॉर्ट कुठलं घेऊ? टूर कुठली करू?" मग मी रिव्ह्यू वाचायला बसते. 'अप्रतिम स्टे', 'स्टाफ एकदम फ्रेंडली', 'पैसा वसूल', नाहीतर थेट 'अजिबात जाऊ नका'. यातून आत्याला किती पायऱ्या चढाव्या लागतील ते कळत नाही. पाच वर्षांच्या पोराला पूलमध्ये उतरवता येईल का, चतुर्थीच्या दिवशी उपवासाचं काही मिळेल का, टूरचा निम्मा दिवस बसमध्येच जाणार का, काही म्हणजे काही कळत नाही. वर्षभर पैसे बाजूला टाकून लोक सहकुटुंब येतात. त्यांना कुणीतरी नीट सांगायला हवं. म्हणून इथून परत जाणाऱ्या प्रत्येकाला मी रिव्ह्यू लिहायला लावते आणि तो कसा लिहायचा तेही सांगते.

सुरुवात स्वतःपासून करा. किती जण होतात, वयं काय, महिना कोणता. 'मे महिन्याचा दुसरा आठवडा, आम्ही सहा जण, त्यात ७४ वर्षांची आत्या आणि ५ व ११ वर्षांची दोन मुलं.' एवढं वाचलं की हा रिव्ह्यू आपल्या कामाचा आहे की नाही ते वाचणारा ठरवतो. महिना तर हवाच हवा. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, समुद्रात उतरायला मनाई असते, किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे खाण्यापिण्याच्या तात्पुरत्या झोपड्या, काढलेले असतात, वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. जुलैत येऊन 'बीचवर काहीच नव्हतं' म्हणून एक स्टार देणं हा रिसॉर्टवर अन्याय आहे. आणि जुलैतला दर वाचून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

'विमानतळापासून जवळ' असं लिहाल तर कोणत्या विमानतळापासून तेही लिहा. जानेवारी २०२३ पासून मोपाही सुरू आहे आणि दाबोळीही. मांद्रे, हरमलला जाणाऱ्याला मोपा सोयीचा; पाळोळ्याला जाणाऱ्याने मोप्याचं तिकीट काढलं तर अख्खा गोवा ओलांडावा लागतो. रेल्वेचंही तसंच आहे. थिवीला उतरायचं की मडगावला की काणकोणला, यावर टॅक्सीचे पैसे ठरतात. तुम्ही कुठे उतरलात आणि टॅक्सीला किती दिलेत, एवढी एक ओळ पुरते.

पुण्या-मुंबईकडची मंडळी बहुतेक रात्रीच्या बसने येतात आणि सकाळी सकाळी म्हापशाला किंवा पणजीला उतरतात. रिसॉर्टची खोली मिळते दुपारी, एक-दोन वाजता. मधल्या वेळात म्हातारं माणूस आणि पेंगुळलेली पोरं घेऊन बसायचं कुठे? माझ्या दृष्टीने रिसॉर्टची खरी परीक्षा इथे होते, आणि रिव्ह्यूत हेच कुणी लिहीत नाही. सामान ठेवून घेतलं का? तोंड धुवायला, आंघोळीला वेगळी सोय होती का? चहा विचारला का? खोली लवकर दिली तर त्याचे वेगळे पैसे लावले का? भावाच्या एका मुक्कामात रिसेप्शनवरच्या मुलाने आत्याला बघून, न मागता, आधी तळमजल्यावरची रिकामी खोली उघडून दिली आणि रजिस्टर नंतर भरून घेतलं. मी भावाला म्हटलं, पूलचं वर्णन दोन ओळींत उरक, पण हे सगळं लिही.

आता खोली. जाहिरातीत 'बीचपासून २०० मीटर' असतं. ते २०० मीटर कसे आहेत ते लिहा. मोरजी-आश्व्याच्या बाजूला वाळूच्या टेकड्या ओलांडून पाण्याकडे जावं लागतं. अंतर थोडकं, पण भुसभुशीत वाळूत पाऊल रुततं. आत्याने काठी टेकली तर ती वीतभर आत जायची, मग ती थांबायची, काठी उपसायची, पुढची जागा बघायची. मुलं तोवर पाण्यापर्यंत पोचून परत आलेली. तिच्या चालीने तो रस्ता पंधरा मिनिटांचा होता. कळंगुट-बाग्याकडे वाळूऐवजी गल्ली असते, फुटपाथ नसतो आणि भाड्याच्या स्कूटर सारख्या जात-येत असतात. तेव्हा 'म्हाताऱ्या माणसाला इतकी मिनिटं, वाटेत सावली नाही, शेवटी सहा पायऱ्या' असं लिहिलं की समोरच्याला सगळं चित्र कळतं.

खोलीत शिरल्या शिरल्या, सामान पसरायच्या आधी, बाथरूम बघा. उंबरा किती उंच, धरायला दांडी आहे का, आंघोळीचं पाणी कमोडपर्यंत पसरतं का. घरातलं म्हातारं माणूस घसरलं तर सहल तिथेच संपली. गरम पाणी किती वेळ पुरलं, खिडकीला डासांची जाळी होती का, गादी टाकून दिली तर ती जाडजूड होती की नुसती सतरंजी, हे सगळं लिहिण्यासारखं आहे. 'सी व्ह्यू'च्या खोलीतून पलंगावर बसून समुद्र दिसतो की बाल्कनीत वाकून माडांच्या फटीतून, हेही. रात्रीच्या आवाजाबद्दल वार आणि वेळ टाका. उघड्यावरचे लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद व्हायला हवेत असा नियम आहे; शनिवारी बारापर्यंत ढणढण ऐकू येत असेल तर 'शनिवारी, बारापर्यंत' असंच लिहा. नुसतं 'गोंगाट होता' म्हटलं तर रिसॉर्टवाले 'आमच्याकडे नाही' म्हणून मोकळे होतात.

पूलची खोली फुटांत लिहून आईबापांना अंदाज येत नाही. 'उथळ बाजूला पाणी आमच्या पाच वर्षांच्या मुलाच्या छातीला लागत होतं' असं लिहा. पूल किती वाजता बंद होतो, नायलॉनचे कपडे नसतील तर उतरू देतात का (बहुतेक ठिकाणी देत नाहीत आणि मग तिथल्याच दुकानातून महाग कपडे घ्यावे लागतात), काठावर लक्ष ठेवणारं कुणी होतं का. समोरच्या समुद्राचंही लिहा. जीवरक्षकांचा मनोरा किती जवळ आहे, लाल झेंडे कुठे होते, पाणी हळूहळू खोल होतं की दोन पावलांत. पाळोळ्याच्या खाडीसारख्या वळणात पाणी एरवी शांत असतं, उघड्या लांबलचक किनाऱ्यावर तसं नसतं. लहान मुलं घेऊन येणाऱ्याला हा फरक जेवणाच्या चवीपेक्षा मोठा आहे.

जेवणाचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर लोक आपणहून भरभरून लिहितात. फक्त एवढं बघा की मेन्यूत नसलेलं साधं काही मागितलं, मऊ भात, कोमट दूध, साबुदाण्याची खिचडी, तर स्वयंपाकघरातून काय उत्तर आलं. आणि शाकाहारी मंडळी सोबत असतील तर बुफेत त्यांच्यासाठी पळी वेगळी होती का.

पैशांचा आकडा बिलावरून लिहा, बुकिंगच्या स्क्रीनवरून नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. त्यामुळे ७,४०० ची खोली आणि ७,६०० ची खोली यांत शेवटी दोनशे रुपयांचा नाही, बाराशेचा फरक पडतो. त्यात जादा गादी, तिसऱ्या माणसाचा नाश्ता. सगळं मिळून एका रात्रीला किती पडलं तो आकडा द्या.

टूरच्या रिव्ह्यूसाठी घड्याळ हातात हवं. बसमध्ये बसलात तेव्हापासून मोबाइलवर वेळ टिपत जा. 'सकाळी ९ ते संध्याकाळी ६, सात ठिकाणं' हे ऐकायला भरगच्च वाटतं. पण मंगेशीला वीस मिनिटं आणि काजूच्या दुकानात पाऊण तास असा हिशेब निघाला तर तो तसाच मांडा. दुकानात थांबणं वाईट नाही, घरी न्यायला काजू हवेच असतात. पण देवळाच्या वेळातून तो वेळ कापला जात असेल तर वाचणाऱ्याला ते माहीत असलं पाहिजे. चर्चमध्ये आणि देवळात अंग झाकणारे कपडे लागतात, हे आदल्या दिवशी सांगितलं होतं का? हाफ पँट घालून आलेल्या पोरांना ऐनवेळी दारात थांबवलं की आईचा जीव खालीवर होतो.

गाइड चांगला की वाईट हे 'माहिती छान दिली' यातून ठरत नाही. त्याने सांगितलेली एखादी गोष्ट लिहा. जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिकासमोर उभं केल्यावर काही गाइड 'सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव इथे आहे' एवढं म्हणून फोटोला दहा मिनिटं देतात. चांगला गाइड सांगतो की बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं, १६०५ मध्ये पुरं झालं, आणि बाहेरून लाल जांभा दिसतो कारण वरचा गिलावा विसाव्या शतकात काढून टाकला. मग तो तुम्हाला रस्ता ओलांडून से कॅथेड्रलकडे नेतो. शेजारचं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. शुक्रवारच्या टूरमध्ये ते यादीत घातलं असेल तर तेही नोंदवा. मंगेशीला १५६० मध्ये पोर्तुगीजांच्या जाचामुळे कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, देव इकडे आणला, हे ज्याने सांगितलं त्याने देऊळ दाखवलं. मास्टर दीनानाथ याच गावचे, मंगेशकर हे आडनाव इथूनच आलं, हे ऐकून आत्या दीपस्तंभाखाली बसली ती उठेचना, आणि गाइडने तिला घाई केली नाही. अशा गाइडला पाच स्टार द्यायला मी मागेपुढे बघत नाही.

दूधसागरच्या टूरवर लिहिताना चालण्याबद्दल नक्की लिहा. कुळ्याहून जीप जंगलातून, ओढ्यांतून नेते, हाडं खिळखिळी होतात, आणि शेवटचा टप्पा खडकांवरून पायी असतो. धबधबा ३१० मीटर उंच, बघण्यासारखाच. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला 'सोपं आहे, चला' म्हणणारा एजंट आणि 'आजींना नका नेऊ' म्हणणारा एजंट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कुळ्याला जीपचा नंबर लागायला किती वेळ गेला, तेही लिहा.

बोटीच्या बाबतीत मी कुणाचीच भीड ठेवत नाही. २५ डिसेंबर २०२४ ला कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एकाचा जीव गेला. त्यामुळे डॉल्फिन बघायला गेलात की आधी हे बघा: बोट सुटायच्या आधी सगळ्यांना लाइफ जॅकेट चढवलं का, मुलांच्या मापाचं होतं का, बक्कल लागत होतं का, किती माणसं भरली. यातलं एकही चुकलं असेल तर बाकी सगळं उत्तम असूनही दोन स्टारच्या वर जाऊ नका आणि कारण पहिल्याच ओळीत लिहा. डॉल्फिन दिसले नाहीत म्हणून मात्र स्टार कापू नका, ती समुद्रातली मोकळी जनावरं आहेत. उलट बोटवाला त्यांच्या मागे इंजिन घोंगावत लागला असेल तर ते वाईट म्हणून लिहा.

काही बिघडलं तर आधी तिथल्या माणसाला सांगा. एका ठिकाणी आमच्या मंडळींच्या खोलीत एसीतून पाणी गळत होतं. रात्री नऊला सांगितलं, साडेनऊला एक मुलगा बादली ठेवून गेला, अकरापर्यंत दुसरी खोली नाही, शेवटी सकाळी मॅनेजर आले. रिव्ह्यूत हे असंच, वेळांसकट लिहिलं. रागाचे शब्द घालायची गरजच पडली नाही. 'वाईट रिव्ह्यू टाकीन' असं म्हणून पैसे कमी करून घेऊ नका; तशाने रिव्ह्यूचा भरवसाच जातो. तक्रार करताना वेटरचं, झाडणाऱ्या बाईचं नाव टाकू नका, काम लिहा. एका ओळीने त्यांची नोकरी जाऊ शकते आणि चूक बऱ्याचदा वरच्या माणसाची असते. कौतुक करताना मात्र त्यांना विचारून नाव जरूर टाका.

फोटो चारच पुरतात: बाथरूमचा, खिडकीतून जे दिसतं त्याचा, समुद्राकडच्या वाटेचा आणि पूलच्या उथळ बाजूचा. पूलमधली दुसऱ्यांची मुलं त्यात येऊ देऊ नका.

हे सगळं जमवून भावाने लिहिलेला एक रिव्ह्यू असा: 'मे, सहा जण, आत्या ७४. सकाळी ७ ला पोचलो, ९ ला खोली मिळाली, जादा पैसे नाहीत. तळमजला, बाथरूमला उंबरा नाही, दांडीही नाही. समुद्र आत्याच्या चालीने १५ मिनिटं, वाटेत वाळू. पूल मुलांना ठीक, सहाला बंद. गरम पाणी दोघांपुरतं, मग अर्धा तास थांबा. मऊ भात रोज विचारून करून दिला. म्हातारं माणूस चालतं असेल तर या, व्हीलचेअरवर असेल तर नको.'

घरी पोचल्यावर आठवड्याच्या आत लिहा, पुढे वेळा आठवत नाहीत. रिसॉर्टने उत्तर दिलं की दांडी बसवली, तर त्या तारखेसह एक ओळ खाली जोडा.