तालुक्याच्या मैदानावर खुली फुटबॉल स्पर्धा: यजमानांनी तयारी कशी करावी

२०२६ च्या विश्वचषकासाठी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांतील सोळा शहरांनी जी तयारी हाती घेतली, तिचा मोठा भाग प्रेक्षकांच्या नजरेस पडत नाही. तो गवताच्या मुळांत, पाण्याच्या निचऱ्यात आणि बाहेर पडण्याच्या दरवाजांच्या रुंदीत असतो. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी खुली स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाकडे बहुधा एकच मैदान आणि मोजकी वर्गणी असते, आणि तीही स्वागतकमान, डीजे आणि बॅनर यांवर आधी खर्ची पडते. हा क्रम बदलला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. वर्गणीवर पहिला हक्क जमिनीचा आणि पाण्याचा असावा, त्यानंतर प्रेक्षकांच्या सुरक्षेचा. सजावट उरलेल्या पैशांत करावी.

सुरुवात तारखेपासून करावी. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाला जोडून स्पर्धा घेण्याची इच्छा स्वाभाविक आहे, परंतु त्या सुमारास काळी जमीन चिखलाने भरलेली असते आणि परतीचा पाऊस कोणाचेही वेळापत्रक पाळत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातील नद्यांनी काय केले, ते येथे कोणास सांगावयास नको. फुटबॉलची जागतिक संघटना असलेल्या खुद्द फिफालाही याचा अनुभव आला आहे. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात ब्राझील आणि इंग्लंड यांच्यातील उपांत्य सामना गुवाहाटीत व्हायचा होता, पण पावसाने तेथील मैदान खराब झाल्यामुळे तो ऐन वेळी कोलकात्याला हलवावा लागला. तालुक्याच्या मंडळाला असे दुसरे मैदान मिळत नाही. म्हणून दिवाळी आटोपल्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ निवडावा. फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षा सुरू होतात आणि मैदानालगतच्या शाळा हातच्या जातात. बीड, धाराशिव या भागांतील ऊसतोड कुटुंबे मात्र दसऱ्यानंतर कारखान्यांकडे निघून जातात. त्या पट्ट्यातील गावसंघांशी तारीख पक्की करण्यापूर्वी बोलून घ्यावे, नाहीतर त्यांचे चांगले खेळाडू फडातच राहतात.

जमिनीचे काम मे महिन्यात काढावे, म्हणजे डिसेंबरच्या स्पर्धेसाठी सहा-सात महिने हाताशी राहतात. आपली काळी जमीन पाण्याने फुगते आणि ऊन लागले की तडकते. हिवाळ्यात वरून सपाट दिसणाऱ्या मैदानातही बोटभर रुंदीच्या भेगा असतात आणि धावणाऱ्या मुलाचा बूट तीत अडकला की घोटा किंवा गुडघा जायबंदी होतो. या मातीत थोडी वाळू मिसळून काही साधत नाही, उलट माती अधिकच घट्ट बसते. खालचा थर बारीक मुरमाचा घालून त्यावर रोलर फिरवावा आणि वर चाळलेल्या पोयट्याचा सुमारे पंधरा सेंटिमीटरचा थर, चांगले कुजलेले शेणखत मिसळून, पसरावा. सगळ्या मैदानासाठी पैसे नसतील तर दोन्ही गोलांसमोरचा भाग आणि मधला पट्टा आधी करावा, कारण खेळाची सर्वांत जास्त झीज तेथेच होते. नुसत्या मुरमाच्या मैदानावर खेळवायचे असेल तर निदान धारदार खडे वेचून काढण्यासाठी शाळेच्या मुलांऐवजी रोजंदारीवर माणसे लावावीत. ते काम चार हातांत घाईने उरकत नाही.

मैदान मधोमध थोडे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरते असावे. एक टक्का उतार पुरेसा आहे. ६८ मीटर रुंदीच्या मैदानात मध्यरेषेपासून बाजूची रेषा ३४ मीटरवर येते, म्हणजे मध्यभाग कडेपेक्षा ३४ सेंटिमीटर उंच हवा. हा उतार डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. गवंड्याकडे पातळी पाहण्याची पाण्याची पारदर्शक नळी असते, तिने दर पाच मीटरवर खुंटी ठोकून उंची तपासावी. कडेला चर खणून त्याचे तोंड ओढ्याकडे किंवा गटाराकडे काढावे. चर बाजूच्या रेषेपासून चार-पाच मीटर तरी लांब असावा आणि सामन्याच्या दिवसांत फळ्यांनी झाकलेला असावा.

आता गवत. अमेरिकेतील अनेक मोठ्या स्टेडियममध्ये एरवी कृत्रिम गवत असते, परंतु फिफाची अट नैसर्गिक गवताची असल्याने तेथे खरे गवत आणून अंथरण्याची योजना करावी लागली आणि टेनेसी व मिशिगन स्टेट या दोन विद्यापीठांतील गवतशास्त्रज्ञ त्यासाठी काही वर्षे कामाला लागले. मिशिगन स्टेटने १९९४ च्या विश्वचषकातही पाँटिअॅकच्या बंदिस्त सिल्व्हरडोममध्ये षट्कोनी साच्यांत वाढवलेले गवत जोडून मैदान तयार केले होते. उष्ण शहरांसाठी जे बर्म्युडा गवत निवडले जाते, ते म्हणजे आपल्या शेतकऱ्याला नकोशी झालेली हराळीच होय. तेथे तिच्या सुधारित जाती वापरतात, एवढाच फरक. हराळी ऊन सोसते, तुडवली तरी पुन्हा फुटते आणि पाण्याचा ताण पडला तर पिवळी पडून तग धरते. मराठवाड्यासाठी दुसरे गवत शोधत बसू नये. मृगाचा पाऊस झाला की शेतकऱ्यांकडून खुरपणीत निघालेल्या हराळीच्या कांड्या मागून घ्याव्यात आणि वीतभर अंतरावर, ओळीत, दोन पेरे मातीत जातील अशा लावाव्यात. त्यांच्याबरोबर कुंदा किंवा लव्हाळ्याच्या गाठी येणार नाहीत, हे प्रत्येक पाटीत हात घालून पाहावे. लव्हाळा एकदा शिरला की निघत नाही. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी उपटावे. पाऊस बरा झाला तर दसऱ्यापर्यंत मैदान झाकले जाते. त्यानंतर गवत अडीच-तीन सेंटिमीटरवर राखावे, पण एका कापणीत उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये.

पाण्याच्या प्रश्नावर कोणत्याही यजमानाने सर्वांत जास्त विचार करावा. १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद मैदानाचे क्षेत्रफळ ७,१४० चौरस मीटर होते. त्यावर पाच मिलिमीटर पाणी द्यायचे तर एका पाळीला ३५,७०० लिटर लागतात. आठवड्याला दोन पाळ्या धरल्या तर दहा हजार लिटरचे सुमारे सात टँकर होतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले आणि त्याच उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे जवळपास सगळे सामने महाराष्ट्राबाहेर गेले, हे प्रत्येक आयोजकाने लक्षात ठेवावे. ज्या गावात आठ दिवसांआड नळाला पाणी येते, तेथे पिण्याच्या पाण्याचा एक थेंबही मैदानावर टाकू नये. नगरपालिकेचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर तेथील प्रक्रिया केलेले पाणी लेखी अर्ज करून मागावे. नसेल तर पिण्यास अयोग्य ठरलेल्या खाऱ्या बोअरचा विचार करावा, मात्र हराळी मध्यम खारेपण सोसत असली तरी पाण्याची तपासणी आधी करून घ्यावी. तेही नसेल तर मैदान लहान आखावे. १०५ बाय ६८ हे माप विश्वचषकासाठी आहे. साध्या सामन्यांसाठी नियमांत लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते. ९० बाय ६० च्या मैदानाला एका पाळीला २७,००० लिटर पुरतात आणि खेळात काही उणे येत नाही. दुष्काळी वर्ष असेल तर स्पर्धा पुढे ढकलणे हाच योग्य निर्णय आहे, आणि तो ऑक्टोबरातच जाहीर करावा.

आखणी करताना काटकोन अंदाजाने काढू नये. कोपऱ्यापासून एका रेषेवर सहा मीटर आणि दुसऱ्या रेषेवर आठ मीटर मोजून त्या दोन खुणांमधील अंतर बरोबर दहा मीटर येते का, ते पाहावे. रेषा बारा सेंटिमीटरपेक्षा रुंद नसावी. फक्की मारताना कळीचा किंवा विरीचा चुना वापरू नये, कारण तो डोळ्यांत गेल्यास इजा करतो आणि घसरून पडलेल्या मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्याला पोळतो. खडूची पांढरी भुकटी घ्यावी. गोलाच्या खांबांमधील आतले अंतर ७.३२ मीटर आणि आडव्या दांडीची खालची कड जमिनीपासून २.४४ मीटर असावी. दोन-तीन सामन्यांनंतर गोलरक्षकाच्या पायांखालची माती उकरली जाऊन तेथे खळगा पडतो आणि दांडी प्रत्यक्षात पाच-सहा सेंटिमीटर उंच होते. उंचीने लहान असलेल्या मुलांच्या गोलरक्षकाला ते फार जाचते. रोज सकाळी खळगा भरून, पाणी मारून, धुम्मस करून उंची पुन्हा मोजावी. गोल जमिनीत पुरलेले नसतील तर मागच्या पायांवर वाळूची पोती ठेवून ते खिळवावेत. लटकणाऱ्या मुलांवर गोल उलटण्याचे अपघात जिवावर बेततात.

सामन्यांची संख्या हा आपल्याकडच्या आयोजनातील सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. २०२६ च्या विश्वचषकाचे १०४ सामने सोळा मैदानांवर वाटलेले आहेत आणि सर्वाधिक सामने मिळालेल्या डॅलसच्या वाट्यालाही नऊच आले आहेत. सरावासाठी संघांना वेगळी मैदाने असतात. आपल्याकडे एकाच मैदानावर दिवसाला पाच-सहा सामने उरकले जातात आणि अंतिम सामन्याच्या दिवशी गवताचे नाव राहत नाही. बत्तीस संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत ३१ सामने होतात. त्यांपैकी पहिल्या दोन फेऱ्यांचे २४ सामने शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर घ्यावेत आणि उपांत्यपूर्व फेरीपासूनचे सातच सामने मुख्य मैदानावर ठेवावेत. मुख्य मैदान स्पर्धेपूर्वी दहा दिवस बंद ठेवावे, आणि बक्षीस समारंभाचा मंच गवताबाहेर उभारावा. पाहुण्यांच्या गाड्याही आत येऊ देऊ नयेत, मग पाहुणे कोणीही असोत.

प्रेक्षकांच्या व्यवस्थेत हयगय अक्षम्य आहे. १९८९ मध्ये इंग्लंडमधील हिल्सबरो येथे झालेल्या चेंगराचेंगरीत ९७ जणांचा आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातील कांजुरुहान स्टेडियममध्ये पोलिसांनी अश्रुधूर सोडल्यानंतर बाहेर पडण्याच्या वाटांवर झालेल्या चेंगराचेंगरीत १३५ जणांचा बळी गेला. मोठ्या शहरांतही अजून चुका होतात: २०२४ च्या कोपा अमेरिकेच्या अंतिम सामन्यात मायामी येथे विनातिकीट जमाव दरवाजांवर चालून गेला आणि सामना तासाहून अधिक उशिरा सुरू झाला. ब्रिटनमधील मैदान-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत सपाट वाटेवरून दर मीटर रुंदीमागे मिनिटाला ८२ माणसे बाहेर पडतात असे धरले आहे आणि सगळे मैदान जास्तीत जास्त आठ मिनिटांत रिकामे व्हावे, असे सांगितले आहे. तीन मीटर रुंदीच्या एका दरवाजातून आठ मिनिटांत ८२ गुणिले ३ गुणिले ८, म्हणजे १,९६८ माणसे निघतात. चार हजार प्रेक्षक अपेक्षित असतील तर असे चार दरवाजे हवेत, कारण त्यांपैकी एक बंद पडला आहे असे धरून हिशेब करावा. आपल्याकडे दरवाजा कागदावर तीन मीटरचा असतो, पण दोन्ही अंगांना मोटारसायकली लावलेल्या आणि पुढे रसवंतीचा गाडा उभा असल्याने प्रत्यक्षात मीटरभरच वाट उरते. म्हणून पार्किंग लांब ठेवावे, दरवाजाबाहेरचा रस्ता दोरी बांधून मोकळा राखावा आणि प्रत्येक दरवाजावर सामना संपेपर्यंत जागा न सोडणारा, किल्ली हातात असलेला एक जबाबदार माणूस नेमावा.

बांबू-बल्ल्यांची तात्पुरती गॅलरी उभारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२२ च्या मार्चमध्ये केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात अशीच गॅलरी भर सामन्यात कोसळून कितीतरी प्रेक्षक जखमी झाले. मैदान खणताना निघालेल्या मातीचा पायऱ्यांचा बांध घालावा. तो स्वस्त पडतो, पुढच्या वर्षीही राहतो आणि कोसळत नाही. महिला व मुलींसाठी स्वतंत्र बैठक आणि पाणी असलेली स्वच्छतागृहे असतील तरच त्या येतात, नुसते निमंत्रण छापून भागत नाही.

शाळांच्या सुट्टीमुळे एप्रिल-मे महिन्यांतच स्पर्धा घ्यावी लागली तर सामना साडेचारच्या आत सुरू करू नये. २०२६ साठी फिफाने प्रत्येक अर्ध्या डावात तीन मिनिटांची पाणी पिण्याची विश्रांती ठरवली आहे, ती आपणही द्यावी. उन्हाळ्यातील वळवाच्या पावसात मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसे दगावतात. गडगडाट ऐकू आला की सामना थांबवावा, सर्वांना शाळेच्या पक्क्या इमारतीत न्यावे, लिंबाखाली किंवा मंडपात कोणालाही उभे राहू देऊ नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय खेळ सुरू करू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे अॅप आयोजकांच्या मोबाईलवर असावे.

कागदपत्रांचे काम तुलनेने सोपे आहे. मैदानाच्या मालकाची लेखी परवानगी, पोलीस ठाण्याचे पत्र, ध्वनिक्षेपकाचा परवाना, महावितरणची तात्पुरती जोडणी आणि जिल्हा फुटबॉल संघटनेकडून पंच, एवढे महिनाभर आधी मार्गी लावावे. १०८ ची रुग्णवाहिका बोलावल्यावर येते, पण ती येईपर्यंत डॉक्टर आणि स्ट्रेचर मैदानावर हवेत. संघांच्या मुक्कामासाठी मंगल कार्यालय घ्यायचे असल्यास तुळशीविवाहानंतरच्या तिथी पाहून ते दिवाळीपूर्वीच ठरवावे. २०२२ च्या विश्वचषकात कतारने प्रेक्षकांना मेट्रोचा प्रवास मोफत ठेवला होता. आपल्याला तेवढे शक्य नसले तरी अंतिम सामना मुक्कामी एसटी सुटण्यापूर्वी संपेल अशी वेळ धरावी आणि आगार व्यवस्थापकांना जादा गाडीसाठी अर्ज द्यावा.

स्पर्धा संपल्यावर दुसऱ्याच दिवशी गोल हलवावेत, उखडलेल्या जागी पोयटा भरून हराळीच्या कांड्या पुन्हा टोचाव्यात, घट्ट झालेल्या जमिनीत टोकदार पहारीने चार बोटे खोल छिद्रे पाडावीत आणि मैदानाला तीन आठवडे विश्रांती द्यावी. ब्राझीलने २०१४ साठी मनाउस येथे उभारलेल्या स्टेडियमवर विश्वचषकाचे चारच सामने झाले आणि शहरात अव्वल श्रेणीचा संघ नसल्याने पुढे ते रोजच्या वापरात येणे अवघड झाले. म्हणून पहिल्या बैठकीतच पुढील वर्षभराचे वेळापत्रक लिहून ठेवावे: कोणत्या शाळेचा संघ कोणत्या वारी खेळणार, पाण्याची पाळी कोण देणार आणि गवत कोण कापणार. शिल्लक वर्गणीतील ठरावीक रक्कम त्यासाठी वेगळ्या खात्यात भरावी आणि त्या खात्यावर सही करणाऱ्यांत शाळेतील क्रीडाशिक्षकाचे नाव असावे.