हायड्रोजन कधी बंद करायचा

हायड्रोजन आणि कॅटलिस्ट (उत्प्रेरक) वापरून रेणूवरच्या नायट्रो गटाचं (NO₂) अमीन (NH₂) करणं अवघड नाही. त्याच रेणूवरचा क्लोरीन जागेवर ठेवून करणं अवघड. सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत आमच्या किलो लॅबला (जिथे किलोच्या मापात माल बनवून बघतात) नवीन पोरं आली की मी त्यांच्या हातात पॅरा-नायट्रोक्लोरोबेन्झीनच देते. त्यात चूक लपत नाही.

१०० ग्रॅम माल, ६०० मिली मिथेनॉल आणि कोरड्या वजनाने १ ग्रॅम ५ टक्के प्लॅटिनम-कार्बन (कार्बनच्या भुकटीवर बसवलेलं प्लॅटिनम, हाच कॅटलिस्ट), तेही सल्फाइडेड, म्हणजे गंधक लावलेलं. गंधकाने प्लॅटिनमची धार थोडी बोथट होते, तेच हवं असतं. पॅलेडियम नको, ते क्लोरीन सहज तोडतं. कॅटलिस्ट पाण्याने ओलाच ठेवायचा आणि नायट्रोजनखाली आत सोडायचा. कोरडी पावडर मिथेनॉलच्या वाफेत टाकलीत, तर आग लागायला काडी लागत नाही. मग भांड्यात तीन वेळा नायट्रोजन भरून सोडायचा, गळती तपासायची, तीन वेळा हायड्रोजन भरून सोडायचा. ६० अंश, ५ बार.

एका नायट्रोला हायड्रोजनचे तीन रेणू लागतात आणि मोलमागे साधारण ५४० किलोज्यूल उष्णता सुटते. म्हणून गॅस थोडा थोडा द्या, तापमान चढलं की आधी गॅस बंद करा. सोलापूरच्या मे महिन्यात भांड्याभोवतीच्या जॅकेटला थंड करायला येणारं पाणीच कोमट असतं. मी तेव्हा बॅच पहाटे पाचला लावते, दुपारी कधीच नाही.

आता खरी गोष्ट. नायट्रोपासून नायट्रोसो, मग हायड्रॉक्झिलअमीन आणि शेवटी अमीन. नायट्रो गट कॅटलिस्टला घट्ट चिकटून बसतो, त्यामुळे तो शिल्लक आहे तोवर क्लोरीनला फारसा धोका नसतो. तो संपला की पृष्ठभाग मोकळा होतो आणि क्लोरीनवर पाळी येते.

पहिल्या नोकरीत मी हे अनुभवलंय. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, गॅस ओढायचा थांबलाय की ओ." मी म्हटलं, राहू दे अजून जरा, खात्री होईल. चहाला गेले ती पाऊण तासाने आले. मालात ॲनिलीन, म्हणजे क्लोरीन तुटलेलं अमीन निघालं, आणि सुटलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाने स्टीलच्या स्टररवर (ढवळणीवर) बारीक खड्डे पडलेले.

पण घाईने थांबवलं तरी फसगत होते. कॅटलिस्ट दमला तरी गॅस ओढणं थांबतं, आणि आत हायड्रॉक्झिलअमीन साठून राहतं. ते तापलं की भडकतं. तपासणीला जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफीवर) विश्वास ठेवू नका, इंजेक्टरच्या उष्णतेत ते मोडतं आणि रिपोर्ट स्वच्छ दिसतो. एचपीएलसी (द्रवातली क्रोमॅटोग्राफी) करा. नाहीतर ताज्या टोलन्सचा (चांदीच्या अमोनियायुक्त द्रावणाचा) एक थेंब टाका, लगेच काळं पडलं तर ते अजून आहे. उरलेलं टोलन्स तिथल्या तिथे आम्ल घालून संपवायचं, बाटलीत ठेवायचं नाही. हायड्रॉक्झिलअमीन साठतच असेल तर पुढच्या बॅचला चिमूटभर अमोनियम मेटाव्हॅनाडेट घाला, प्लॅटिनमसोबत ते छान काम करतं.

मी दाब उतरण्याचा वेग मंदावला की दर दहा मिनिटांनी नमुना काढते. नायट्रो आणि हायड्रॉक्झिलअमीन दोन्ही गेले की त्याच मिनिटाला गॅस बंद, नायट्रोजन चालू, थंड.

गाळताना वर उरणारा कॅटलिस्टचा केक ओला ठेवा, पाण्याखालीच डब्यात भरा. आणि हातमोजे बदलत राहा, तयार झालेलं हे अमीन (पॅरा-क्लोरोॲनिलीन) कातडीतून आत जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी करतं. शिफ्ट संपताना कुणाचे ओठ निळसर दिसले, तर त्याला एकट्याला मोटरसायकलवर घरी जाऊ देऊ नका, थेट दवाखान्यात न्या.