शाळेच्या जेवणाचा आकडा कसा वाचायचा

अमेरिकेत घर शोधताना यादीत एका शाळेच्या नावापुढे दिसलं: मोफत किंवा सवलतीचं जेवण, १०० टक्के. दचकलेच! सगळीच मुलं गरीब?

तसं नसतं. शाळा सीईपी (कम्युनिटी एलिजिबिलिटी प्रोव्हिजन) या सरकारी योजनेत आहे का, ते आधी बघा. २०१४पासून ही योजना देशभर आहे. तिच्यात अर्ज न भरता सगळ्यांनाच फुकट जेवण. मग तो रकाना सोडा आणि स्नॅपसारख्या, गरीब घरांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीवरून थेट पात्र ठरलेल्या मुलांचा आकडा शोधा.

योजनेत नसेल, तर मोफत आणि सवलतीचा, दोन्ही आकडे वेगळे वाचा. दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर मोफत, १८५पर्यंत सवलत. म्हणजे यातलं प्रत्येक घर दारिद्र्यरेषेखालचं नसतं.

हायस्कूलचा आकडा कमी दिसला तर हुरळू नका; मोठ्या मुलांचे अर्ज बरेचदा शाळेत पोचतच नाहीत. आमच्या चिरंजीवांचा फॉर्म दप्तराच्या तळाशी, केळ्याच्या सालीखाली चुरगळलेला सापडला होता.