डकटेप: सी फंक्शनमधून ऑब्जेक्ट परत कसा करायचा

डकटेप हे सी प्रोग्रॅममध्ये बसवायचं जावास्क्रिप्ट इंजिन. त्यात स्क्रिप्टने बोलावलेलं सी फंक्शन ऑब्जेक्ट थेट परत करत नाही. तो व्हॅल्यू स्टॅकच्या (इंजिन आणि सी कोड ज्यातून व्हॅल्यूंची देवाणघेवाण करतात त्या चळतीच्या) टोकावर ठेवायचा आणि रिटर्न 1 करायचं. 0 दिलात तर स्टॅकवर काहीही असो, स्क्रिप्टला अनडिफाइन्डच मिळतं. ऋण आकड्याने एरर फेकली जाते.

डक_पुश_ऑब्जेक्ट नवा ऑब्जेक्ट स्टॅकवर ठेवून जो इंडेक्स (स्टॅकवरच्या जागेचा क्रमांक) देतं तो व्हेरिएबलमध्ये ठेवा. मग प्रत्येक व्हॅल्यू पुश करून त्याच इंडेक्सवर डक_पुट_प्रॉप_स्ट्रिंग चालवा. ते व्हॅल्यू आपोआप काढून घेतं. बरेच जण इथे इंडेक्सऐवजी -2 (टोकाकडून दुसरी जागा) लिहितात. एका पातळीवर ते चालतं, पण ऑब्जेक्टच्या आत ऑब्जेक्ट आला की हिशेब सहज चुकू शकतो. रिटर्नच्या आधी टोकावर फालतू व्हॅल्यू राहिली तर तीच परत जाते आणि एररही येत नाही, म्हणून चाचणी करताना डक_गेट_टॉप (स्टॅकवर किती व्हॅल्यू आहेत तो आकडा) तपासा. लूपमध्ये अशाच व्हॅल्यू साचल्या तर मात्र एरर येते, कारण फंक्शनला हमखास मिळणाऱ्या जागा फक्त 64.

स्ट्रिंगची प्रत इंजिन स्वतः करतं, त्यामुळे लोकल बफर चालतो. 64 बिटांचे आयडी मात्र स्ट्रिंग म्हणूनच द्या: नंबर हा डबल असतो, 9007199254740991 च्या पुढे अचूकता जाते.

खरी कसोटी ऑब्जेक्टमागे नेटिव्ह मेमरी असते तेव्हा. डकटेपची एरर मूळ सेटिंगमध्ये लाँगजंपने (मधला कोड सोडून थेट आधीच्या ठिकाणी नेणाऱ्या सी उडीने) उडते. आधी मॅलॉक केलं (मेमरी मागितली) आणि नंतरचं पुश फसलं, तर ती मेमरी कायमची गळाली. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी ऑब्जेक्ट बनवा, हिडन सिम्बॉलच्या (स्क्रिप्टला न दिसणाऱ्या) कीवर नल पॉइंटर लिहा, फायनलायझर (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारं फंक्शन) लावा आणि त्यानंतरच मॅलॉक करून खरा पॉइंटर त्याच कीवर लिहा. प्रॉपर्टी आधीपासून असल्याने या शेवटच्या पायरीला नवी जागा लागत नाही. सी++ मध्येही हेच पाळा, कारण लाँगजंप डिस्ट्रक्टर चालवत नाही.

फायनलायझरमध्ये पॉइंटर नल आहे का ते पाहा, फ्री करा आणि लगेच नल लिहा. फायनलायझर प्रोटोटाइपवर लावला असेल तर वारशाने तो सगळ्या ऑब्जेक्टना लागतो, पण खुद्द प्रोटोटाइपसाठीही चालतो, आणि तिथे पॉइंटर नसतोच.

प्रत्येक प्रकाराला वेगळी हिडन की द्या. नाहीतर स्क्रिप्टने एका प्रकाराची मेथड दुसऱ्या ऑब्जेक्टवर कॉल केली, की चुकीचा पॉइंटर वापरला जाऊन प्रोग्रॅम कोसळतो.