ट्यूब बंद असल्याचा रिपोर्ट आल्यावर

एचएसजी म्हणजे गर्भाशयात डाय (एक्स-रेवर दिसणारं द्रव) सोडून गर्भनळ्या उघड्या आहेत का ते बघणारी तपासणी. तिच्या रिपोर्टवर ‘दोन्ही बाजूंना कॉर्न्युअल ब्लॉक’, म्हणजे दोन्ही नळ्या गर्भाशयाजवळच बंद, असं वाचलं की घरात सुतक पडल्यासारखं होतं. जरा थांबा. गर्भाशयाला चिकटलेला नळीचा भाग जेमतेम 1 मिलिमीटर रुंद असतो. तपासणीच्या वेळी दुखलं, भीती वाटली की तिथला स्नायू आवळतो आणि डाय पुढे सरकत नाही. म्हणजे उघडी नळीही फिल्मवर बंद दिसते. म्हणून नुसत्या या रिपोर्टवर ऑपरेशन ठरवू नका.

एचएसजी पाळीच्या 6व्या ते 10व्या दिवसात, रक्तस्राव थांबल्यावर करतात. तासभर आधी डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घ्यावी. ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर तारीख पुढे ढकला, नाहीतर जंतू वर नळीत ढकलले जातात. नवऱ्याची वीर्यतपासणी याआधीच उरकून घ्या. ती राहून जाते आणि बाईच्याच चाचण्या चालू राहतात, हे आपल्याकडे फार होतं.

पुढचा मार्ग ब्लॉक कुठे आहे त्यावर ठरतो. गर्भाशयाजवळ असेल तर लॅपरोस्कोपीत (पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने बघतात) निळा डाय सोडून खात्री करतात, आणि खरंच बंद असेल तर त्याच भुलीत हिस्टेरोस्कोपमधून (योनीमार्गे गर्भाशयात घालायची दुर्बीण) बारीक वायर घालून नळी मोकळी करता येते. कधी वायरने नळीला भोक पडतं, बहुधा ते आपोआप भरतं. मोकळी केलेली नळी काही महिन्यांत परत बंदही होते, म्हणून प्रयत्न लांबवू नका.

अंडाशयाकडच्या टोकाशी बंद होऊन नळीत पाणी साचलं असेल तर मामला वेगळा. ते पाणी गर्भाशयात झिरपतं आणि आयव्हीएफचं, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचं, यश साधारण निम्म्यावर येतं. आयव्हीएफआधी अशी नळी काढणं किंवा क्लिप लावून बंद करणं हाच शहाणपणा, मन कितीही नाही म्हणो.

आपल्या देशात क्षयरोग हे नळ्या बिघडण्याचं मोठं कारण आहे, आणि खोकला नसतानाही तो असू शकतो. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला द्या. निदान झालं तर 6 महिन्यांची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. त्यांनी जंतू मरतात, पण नळीवरचे व्रण तसेच राहतात.

गोव्यात सुरुवात बांबोळीच्या गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेज) स्त्रीरोग ओपीडीतून करता येते. जुन्या फिल्म्स, नुसता टाईप केलेला रिपोर्ट नव्हे, सोबत न्या. वय 35च्या पुढे असेल तर नळीवरच्या ऑपरेशनात वर्ष घालवण्यापेक्षा थेट आयव्हीएफबद्दल विचारा.

नळीवर इलाज झाल्यावर पाळी चुकली तर बीटा-एचसीजी (गर्भ राहिल्याची रक्ततपासणी) आणि सहाव्या आठवड्याला सोनोग्राफी हवीच, कारण गर्भ नळीतच अडकण्याचा धोका वाढलेला असतो. एका बाजूला दुखणं, खांद्यात कळ, चक्कर आली, तर वाट न बघता 108ला फोन करा.