कार्डाचं बिल आलं की आधी काय बघायचं

सांगलीच्या मार्केट यार्डात मी हळदीच्या अडत दुकानाचे हिशेब लिहितो. संध्याकाळी कुणी ना कुणी क्रेडिट कार्डाचं बिल घेऊन येतंच. बहुतेकांचं बोट ‘मिनिमम ड्यू’वर, म्हणजे कमीत कमी भरायच्या रकमेवर असतं. भाऊ, तो आकडा बँकेच्या सोयीचा आहे! वरचा ‘टोटल ड्यू’, म्हणजे पूर्ण देणं बघा.

समजा बिल वीस हजार, मिनिमम हजार. हजार भरले तर लेट फी टळते, पण राहिलेल्या एकोणीस हजारांवर महिना साडेतीन टक्क्यांनी ६६५ रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी १२० रुपये. म्हणजे पुढच्या हजारातले जेमतेम २१५ रुपये मुद्दलात जातात. शिवाय व्याज खरेदीच्या तारखेपासून धरतात, आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा घेतला तरी पहिल्या दिवसापासून मीटर चालू. म्हणून थकबाकी फिटेपर्यंत कार्ड कपाटात. जमेल तेवढं लगेच भरा, तारखेची वाट बघू नका. व्याजाचा दर बँकेगणिक वेगळा असतो, तो बिलाच्या मागे बारीक अक्षरात सापडेल.

कार्डावर एटीएममधून रोकड काढू नका. त्यापेक्षा पतसंस्थेचं सोनेतारण परवडतं.

कार्ड बंद करायचं तर बाकी शून्य करून लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं, नाहीतर बँकेला रोजचे ५०० रुपये दंड. अर्जाची पोच मात्र जपून ठेवा.