फॉस्फेटने शेवाळ किती वाढते, हे प्रयोगाने कसे तपासावे

तळ्याच्या पाण्यात चिमूटभर डीएपी खत किंवा कपडे धुण्याची पावडर टाकून बरणी खिडकीत ठेवावी, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो निरुपयोगी आहे. डीएपीतून फॉस्फेटबरोबर नायट्रोजनही जातो, तर पावडरीतील फेस करणारे घटक शेवाळाला मारकही ठरू शकतात. मग वाढ कशामुळे झाली किंवा खुंटली, हे सांगता येत नाही. १९७३ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात २२६ क्रमांकाच्या तलावाचे पडद्याने दोन भाग केले गेले. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हींकडे घातले, फॉस्फरस मात्र एकाच भागात, आणि तोच हिरवा झाला. फ्लास्कमध्येही तेवढाच एक फरक ठेवायचा असतो.

क्लोरेला या एकपेशीय हिरव्या शेवाळाचे शुद्ध संवर्धन (कल्चर) घ्यावे. बीजी-११ हे शेवाळ वाढवण्याचे पोषक माध्यम डायपोटॅशियम फॉस्फेट वगळून तयार करावे आणि पोटॅशियमची भरपाई म्हणून लिटरला ३५ मिलिग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घालावे. ०.४३९ ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट एक लिटर पाण्यात विरघळवले, की मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम फॉस्फरस असलेले द्रावण मिळते. त्यावरून लिटरला ०, ०.०५, ०.१, ०.५, १ आणि ५ मिलिग्रॅम फॉस्फरस असे सहा टप्पे, प्रत्येकाचे तीन फ्लास्क.

खरी अडचण शून्याच्या फ्लास्कची. माझ्या पहिल्या खेपेस सहाव्या दिवशी शून्याचे तिन्ही फ्लास्क ०.१ च्या फ्लास्कांइतकेच हिरवे दिसत होते. मी डिस्टिल्ड वॉटरला दोष दिला, कॅन बदलला, पुन्हा तेच झाले. दोष दोन ठिकाणी होता. एक म्हणजे काच: साबणाने धुतलेल्या भांड्याला चिकटून राहिलेले फॉस्फेटही या प्रयोगात निकाल बिघडवायला पुरते. म्हणून भांडी १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर बुडवून डिस्टिल्ड वॉटरने पाच-सहा वेळा विसळावीत. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही.

दुसरा दोष पेशींचा, आणि तो कोणी सांगत नाही. भरपूर फॉस्फेट मिळाले, की शेवाळ गरजेपेक्षा जास्त शोषून पॉलिफॉस्फेटच्या रूपाने साठवून ठेवते आणि बाहेर काहीच उरले नाही तरी त्या शिदोरीवर पुढच्या काही पिढ्या निभावतात. त्यामुळे संवर्धन सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवून) वरचे पाणी ओतून द्यावे, पेशी फॉस्फेटविरहित माध्यमात दोनदा धुवाव्यात आणि त्याच माध्यमात चार-पाच दिवस उजेडात उपाशी ठेवाव्यात. रंग गडद हिरव्याचा फिकट, पोपटी झाला आणि पेशींची संख्या वाढायची थांबली, की मगच पेरणी करावी; घाई केलेली प्रत्येक खेप मी फेकून दिली आहे.

पेरताना मिलिलिटरला सुमारे १०,००० पेशी, २५ अंश तापमान, एकसारखा ट्यूबलाइटचा प्रकाश, कापसाचे बूच. रोज दोनदा हलवून फ्लास्कांच्या जागा बदलाव्यात.

मोजणी दहा दिवस, दिवसाआड, न्यूबॉअर चेंबरमध्ये, म्हणजे पेशी मोजण्यासाठी चौकटी आखलेल्या काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली करावी. नुसत्या कलरिमीटरवर, म्हणजे रंगाची गडदता मोजणाऱ्या यंत्रावर, विसंबू नये, कारण उपाशी पेशीत हरितद्रव्य कमी असते आणि आकडा संख्येपेक्षा खाली दिसतो. प्रयोग संपल्यावर फ्लास्कमध्ये ब्लीच घालून, रंग पूर्ण उडाल्यावरच ते पाणी मोरीत ओतावे.